बर्फाचा पत्ता

“या वेळी काहीही चुकणार नाही!” होनामीने जाहीर केलं आणि नागानोच्या डोंगरांचा नकाशा जेवणाच्या टेबलावर असा काही पसरला, की तेप्पेइला सूपची वाटी मांडीवर घेऊन बसावं लागलं.

तसं हे वाक्य त्या घराला नवीन नव्हतं. गेल्या हिवाळ्यात होनामीने ते म्हटलं होतं, त्याच्या आदल्या हिवाळ्यातही म्हटलं होतं. पहिल्या वर्षी बर्फ बघायला निघायच्या आदल्या दिवशी कोनात्सु शिंकली. एकदाच! पण होनामीला त्या एका शिंकेत सर्दी, ताप, खोकला आणि डोंगरातलं अनोळखी हॉस्पिटल असं सगळं ओळीने दिसलं. बेत रद्द. नाकात मिरपूड गेली होती, हे नंतर कळलं. दुसऱ्या वर्षी कोणी शिंकलं नाही, पण हवामानखात्याने ‘डोंगराळ भागात वारे वाहतील’ असं म्हटलं. आता डोंगरात वारे वाहणार नाहीत तर काय तेप्पेइच्या ऑफिसात वाहणार? पण होनामीने डोळे मिटले, तर रोपवेच्या उडत्या पाळण्यात लटकलेली आपली पोर तिला स्पष्ट दिसली. तोही बेत रद्द!

अशाने पाच वर्षांच्या कोनात्सुने बर्फ पाहिला होता तो दोनच ठिकाणी. एक, दूर फुजीच्या डोक्यावर. दोन, याइझु बंदरात उतरवलेल्या ट्यूनाच्या पोटावर. याइझुत, म्हणजे त्यांच्या गावात, बर्फ पडत नाही. भर हिवाळ्यात संत्री पिकतात आणि म्हाताऱ्या अंगणात ऊन खात बसतात, असलं ते गाव.

“मग पुढच्या शनिवारी जायचं हं, कोनात्सु! नक्की!” होनामी म्हणाली.

कोनात्सुने तोंडातला घास सावकाश संपवला. मान किंचित तिरकी केली.

“बघू,” ती म्हणाली.

तेप्पेइला सूपचा ठसका लागला. कारण ते ‘बघू’ होनामीचंच होतं. तीच तिरकी मान, तोच सुस्कारा, तोच शेवटाला खाली जाणारा आवाज. काही रद्द करायचं असलं की होनामी आधी ‘बघू’ म्हणायची. पोरीने ते जसंच्या तसं उचललं होतं.

“तुझीच कार्टी!” तेप्पेइ डोळे पुसत म्हणाला.

होनामीला मात्र हसू आलं नाही. पोर रडली असती, हट्ट केला असता तर बरं वाटलं असतं. पण ही नुसती ‘बघू’ म्हणते आणि लोणचं खाते! म्हणजे आईच्या शब्दावरचा हिचा विश्वास पाचव्या वर्षीच संपला. आता हा तिसरा बेतही फसला, तर हे ‘बघू’ जन्मभर आपल्या घरात मुक्कामाला राहणार, हे होनामीला लख्ख दिसलं. तिला वाईट गोष्टी नेहमी लख्खच दिसत.

म्हणून तिने सगळा जपान चाळून हिनाता पठार शोधून काढलं होतं. बर्फावर घसरणाऱ्या नवशिक्यांसाठी याहून सोपी जागा देवाने केली नसावी. लहान मुलांना वर न्यायला हळूहळू सरकणारा गालिचा, पडलं तर मऊ बर्फ, उताराच्या पायथ्याशी गरम नूडल्स. एका आजीबाईंनी अभिप्राय लिहिला होता, ‘उतार इतका हलका, की मध्येच मला नातवाने ढकलावं लागलं.’ तो अभिप्राय वाचून होनामीने त्याच क्षणी तिथल्या लॉजवर खोल्या राखून ठेवल्या.

“एवढं घाबरतेस कशाला? मी आहे ना!” तेप्पेइ म्हणाला. “कॉलेजात असताना मी स्कीइंग केलंय.”

“किती वेळा?”

“असल्या गोष्टी काय मोजायच्या असतात?”

म्हणजे एकदा.

तेव्हा शिकवणी होनामीनेच सुरू केली. रोज संध्याकाळी खोलीत गाद्या अंथरायच्या आणि पडायचा सराव करायचा. “पुढे नाही पडायचं! बाजूला, आणि बुडावर! पुन्हा!” कोनात्सु धपकन पडायची. तेप्पेइ त्याहून धपकन पडायचा. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात होनामीला गाठलं, अदबीने वाकल्या आणि म्हणाल्या, “तुमच्याकडे पाहुणे आलेत वाटतं! सुमो खेळतात का हो ते?”

होनामी त्यांच्याहून जास्त वाकली, आणि सराव बसल्या-बसल्या सुरू झाला.

सासूबाईंना बोलवायचं की नाही, हा वेगळाच पेच होता. सासूबाई म्हणजे यासुए. गावाबाहेर टेकडीवर, चहाच्या मळ्याला लागून त्यांचं घर. एकट्याच राहायच्या. होनामीने फोन केला. “अहो आई, तुम्हीपण चला ना आमच्याबरोबर!”

“छे गं! मी म्हातारी तिथे काय करू? तुमच्या पायात पायात!”

दुसऱ्या दिवशी होनामीने पुन्हा विचारलं.

“नको नको. लोणच्याचे मुळे वाळत घातलेत, ते कोण बघणार?”

आता त्या घरात दोनदा ‘नको’ म्हणणं हे वळण होतं; खरं उत्तर तिसऱ्यांदा यायचं. होनामीला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तिने तिसऱ्यांदा विचारलं नाही! पण तेप्पेइला असले बारकावे कुठले कळायला? तो रविवारी आईकडे जाऊन दारातूनच ओरडला, “काय गं आई, येतेस ना?”

“आता तू एवढा आग्रहच करतोयस तर...” यासुए म्हणाल्या, आणि आधीच विणून ठेवलेली लोकरी टोपी त्यांनी कपाटातून बाहेर काढली. “पण लॉजवाल्या बाईंकडे हात हलवत नाही जायचं हं. संत्र्यांचं एक खोकं आधी पाठवून देऊ.”

सगळं जमलं. फक्त बर्फ जमला नव्हता!

त्या वर्षीचा हिवाळा कोमट निघाला. हिनाता पठारावर एक कॅमेरा बसवला होता आणि तिथलं दृश्य दिवसरात्र फोनवर दिसायचं. होनामी ते भाजी परतताना बघायची, दात घासताना बघायची. उतारावर फावडं घेऊन फिरणारे लाल टोपीचे गृहस्थ तर तिला घरच्यासारखे झाले होते. एक दिवस ते दिसले नाहीत, तर तिला जेवण गेलं नाही. “बरे असतील ना रे ते?”

“कोण?”

“लाल टोपीवाले!”

आणि सोमवारी, लाल टोपीवाल्यांच्या पायाशी, तिला काहीतरी तपकिरी दिसलं.

“गवत! तेप्पेइ, गवत दिसतंय!”

यावर तोडगा काढला तो कोनात्सुने. पांढऱ्या फडक्यात कापूस गुंडाळून तिने बाहुली केली, तिला नाक-डोळे काढले आणि खिडकीत उलटी टांगली. ही बाहुली सरळ टांगली की ऊन पडतं आणि उलटी टांगली की पाऊस किंवा बर्फ, हे तिथल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं.

मंगळवारी यासुए आल्या. खिडकीकडे बघून त्यांनी जीभ चावली. “बघ बाई, पोरीने घाईत उलटी टांगली!” आणि सरळ केली. त्यांचे मुळे अजून ओले होते ना! त्या गेल्यावर होनामीने बाहुली परत उलटी केली. बुधवारी सकाळी बघते तर पुन्हा सरळ!

“तेप्पेइ, बाहुलीला तू हात लावलास?”

“मी? वारा असेल.”

“बंद खिडकीत?”

तेप्पेइ घाईघाईने दाढी करायला गेला. आपण बर्फावर गाडी कधीच चालवलेली नाही, ही गोष्ट त्याने अजून घरात सांगितली नव्हती. पठारावर आहे तेवढा बर्फ त्याला पुरेसा होता. रस्त्यावर आणखी नको होता!

“आपली बाहुली रात्री उठून उभी राहते,” कोनात्सु नाश्त्याला म्हणाली. “तिला माहितीये, आपण जाणार नाही.”

टेबलाशी बसलेली दोन्ही मोठी माणसं एकदम लोणच्याकडे बघायला लागली.

त्याच दिवशी होनामीने सामान भरलं. डोंगरात जाताना सामान स्वतः वाहून न्यायची पद्धत तिकडे नाही. कुरिअरवाल्याला बोलवायचं, खोकं द्यायचं, आणि आपण पोहोचायच्या आधी ते लॉजवर आपली वाट बघत बसतं. होनामीने घरातली प्रत्येक गरम वस्तू भरली. जाड कोट, हातमोजे, कानटोप्या, लोकरी पायमोजे, बर्फात घालायचे बूट, आणि कोनात्सुचा नवा गुलाबी पोशाख. सगळं मावेना, तेव्हा तिने ते प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढून घेतली. कोट सुकटासारखे चपटे झाले!

खोकं अर्थातच संत्र्यांचं. याइझुत मुलांची खेळणी, जुनी वह्यापुस्तकं, नवी भांडी, काहीही भरायचं झालं तरी संत्र्यांच्याच खोक्यात भरतात. वर हसरं संत्रं छापलेलं. कुरिअरवाला येईल तेव्हा घरी कोणी नसणार, म्हणून होनामीने ते खोकं गाडीत घालून सासूबाईंकडे नेलं. तिथे दारात, जोडे काढतात त्या जागेत, तसलीच दोन हसरी खोकी आधीपासून होती.

“हे लॉजवाल्या बाईंचं, ते तुम्हाला घरी न्यायचं,” यासुए म्हणाल्या.

“मग उद्या कुरिअरवाल्याला दोन द्यायची. आमचं आणि लॉजचं. मी पत्ते लिहून आणलेत,” होनामी म्हणाली, आणि पत्त्याचे कागद चिकटवायला वाकली. तेवढ्यात फोन वाजला. बालवाडी!

“घाबरू नका हं,” मियोशीबाई फोनवर म्हणाल्या. “कोनात्सु फक्त एकदा शिंकली. तुम्हीच सांगून ठेवलं होतं ना, शिंकली की कळवा म्हणून?”

होनामीने पत्त्याचे कागद सासूबाईंच्या हातात कोंबले. “आई, तेवढे चिकटवा!” आणि ती धावली.

शिंक खडूच्या धुळीची होती. पण बालवाडीच्या फाटकाशी पोहोचल्यावर होनामीचे पाय थबकले. कुंपणाला एका ओळीत बाहुल्या टांगल्या होत्या. पांढऱ्या, हसऱ्या, आणि एकूणएक उलट्या! कोनात्सुचा आख्खा सूर्यफूल वर्ग डोकं खाली, पाय वर करून समुद्राकडे तोंड करून डुलत होता.

“कोनात्सु म्हणाली, घरची बाहुली ऐकत नाही,” मियोशीबाई कौतुकाने म्हणाल्या. “म्हटलं, मग आपण सगळे मिळून सांगू या!”

होनामीने वाकून आभार मानले. एवढ्या जणांनी एकदम सांगितलं तर... असं काहीसं तिच्या मनात चुकचुकलं. पण तिच्या मनात रोजच इतकं काही चुकचुकायचं, की नेमकं कुठल्याकडे लक्ष द्यायचं हे तिलाच कळायचं नाही.

शुक्रवारी फोनवर कुरिअरवाल्यांचा निरोप आला: दोन्ही खोकी हिनाता पठारावर पोहोचली. तेप्पेइने गाडीला बर्फात चालणारी चाकं बसवून घेतली. पठारावर रात्रीतून बर्फ पडणार, असं हवामानखातं म्हणालं. होनामी त्या रात्री गाढ झोपली. हीसुद्धा तिच्या घरात बातमीच होती!

शनिवारी पहाटे तिला जाग आली ती शांततेने. पेपरवाल्याची स्कूटर नाही, बंदराकडे जाणारे ट्रक नाहीत. तिने आधी उशाचा फोन ओढला. कॅमेरा लावला. आणि आनंदाने उठूनच बसली.

“कोनात्सु, ऊठ! बर्फ बघ, केवढा पडलाय!”

“हो. बघतेय,” कोनात्सुचा आवाज खिडकीकडून आला.

“अगं, तिकडे काय बघतेस? इकडे ये! गवत पार झाकलं गेलं! लाल टोपीवालेही आलेत!”

“आई, इथे जास्त मोठा दिसतो.”

“थांब गं जरा, मला बर्फ बघू दे!”

“आई,” कोनात्सु अगदी समजुतीने म्हणाली, “फोन ठेव.”

होनामीने फोन ठेवला आणि खिडकीबाहेर बघितलं. मग पुन्हा फोनकडे बघितलं. मग पुन्हा बाहेर.

याइझुवर बर्फ पडला होता! शेजारच्यांच्या सायकलीवर, ताडाच्या झावळ्यांवर, संत्र्यांच्या झाडांवर. प्रत्येक संत्र्याने पांढरी टोपी घातली होती. सूर्यफूल वर्गाने इतक्या मनापासून बर्फ मागवला होता, पण तो कुठे पाठवायचा हे कोणी सांगितलंच नव्हतं. मग ज्या दारी बाहुल्या, त्या दारी बर्फ!

“हरकत नाही!” तेप्पेइने छाती पुढे काढली. “गावात बर्फाची चाकं असलेली आपलीच एक गाडी आहे. आपण आरामात जाऊ!”

ते खरंच होतं. गावात बर्फावर चालणारी एकच गाडी होती, आणि तिच्यापुढे सगळ्या गावाच्या न चालणाऱ्या गाड्या होत्या. एक आडवी, एक तिरकी, एक फुलांच्या वाफ्यात. जो तो काच खाली करून एकमेकांना वाकून वाकून ‘माफ करा, माफ करा’ म्हणत होता. रेंगाळत ते टेकडीच्या वळणापर्यंत आले, तर तिथे तोफूवाल्याची गाडी रस्त्याला आडवी! आत बसलेले तोफूवाले दोन्ही हात जोडून सगळ्या दुनियेची क्षमा मागत होते.

“आईचं घर इथून हाकेवर आहे. चालत जाऊ,” तेप्पेइ म्हणाला.

“चालत? हिच्या पायात कापडी बूट आहेत! अंगात साधा स्वेटर! सगळं डोंगरावर गेलंय!”

शेवटी तेप्पेइने कोनात्सुला पाठीवर घेतलं. “हात बाहेर काढू नकोस हं! कशाला शिवू नकोस!” होनामी मागून बजावत होती. जन्मात पहिल्यांदा बर्फ पडलेला, आणि पोर त्यातून पार्सलसारखी उचलून नेली जात होती.

यासुए लोकरी टोपी घालून दारात तयारच उभ्या होत्या. “चाललो ना मग?”

“कुठे, आई? रेडिओवर सांगतायत, महामार्ग दिवसभर बंद.”

होनामीने लॉजला फोनवरून निरोप धाडला: येता येत नाही, क्षमा असावी. तिने पोटावर हात बांधले आणि दाराकडे पाहिलं. कोनात्सु उंबऱ्याशी बसली होती. बाहेर चहाच्या झुडपांच्या गोल गोल ओळींवर बर्फ होता, आणि वर ऊन यायला लागलं होतं. वळचणीतून पहिला थेंब पडला. टप्.

“आई, मी आता जाऊ बाहेर?”

“कशी जाशील, राणी? बूट, मोजे, तुझा गुलाबी पोशाख, सगळं डोंगरावर आहे ना!”

“आणि डोंगर बंद आहे.”

“हो.”

“मग मी कधी जाणार?”

होनामीने तोंड उघडलं. मान आपोआप तिरकी झाली.

“बघू,” ती म्हणाली.

कोनात्सुने मान हलवली. तिला हेच अपेक्षित होतं. ती रडली नाही, रुसली नाही. तिने कापडी बूट काढले, एकाशेजारी एक नीट लावले, आणि ती आत जाऊन बसायला निघाली.

टप्. टप्. टप्.

“थांब!” होनामी ओरडली. एवढ्या मोठ्याने, की यासुएंची टोपी डोळ्यांवर आली. “अहो आई, बाबांचे बोटीवरचे कपडे आहेत का हो अजून?”

तेप्पेइचे वडील सगळी हयात ट्यूनाच्या बोटीवर होते. “आहेत की, पडवीत टांगलेत,” यासुए म्हणाल्या. “पण मासळीचा वास मारतो हं अजून.”

“मारू दे!”

तेप्पेइ आणि यासुएंनी एकमेकांकडे पाहिलं. होनामीच्या तोंडून ‘मारू दे’! लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण हा शब्द या घरात पहिल्यांदाच ऐकू येत होता.

कोनात्सुला आजोबांचा पिवळा रबरी कोट घातला. तो टाचेखाली लोळायला लागला, म्हणून कमरेला जाळ्याची दोरी बांधली. पायात आजीचे तीन पायमोजे, त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या, त्यावर मळ्यातले बुटके गमबूट. हातात भांडी घासायचे रबरी मोजे, त्यांची रिकामी बोटं स्क्विडच्या पायांसारखी लोंबायला लागली! होनामी दारातल्या संत्र्यांच्या खोक्यावर टेकली आणि सासऱ्यांच्या गुडघाभर बुटांत एकेक पाय कोंबत कोंबत एकदाची उभी राहिली. आरशात पाहायची सोय नव्हती, ते बरंच झालं.

बाहेर पडताच कोनात्सुने एक मोजा काढला. एक बोट पुढे केलं. बर्फाला लावलं.

‘मोजा घाल’ हे शब्द होनामीच्या जिभेवर आले होते. तिने जीभ दातांखाली धरली.

“गार आहे,” कोनात्सुने जाहीर केलं. मग दुसरा मोजा काढला. मग दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. आणि मग अशी काही किंचाळली, की वळणावरच्या तोफूवाल्यांनी पुन्हा एकदा ‘माफ करा’ म्हटलं.

पडवीत संत्र्यांची रिकामी खोकी होतीच. ती उलगडून सपाट केली, झाल्या घसरगाड्या! चहाच्या दोन ओळींमधला उतार हिनाता पठाराहून थोडा जास्तच होता.

“आधी मी दाखवतो,” तेप्पेइ म्हणाला. “कॉलेजात शिकलोय ते काय उगाच? मुख्य गोष्ट म्हणजे थांबता आलं पाहि...”

तो गेला! चहाच्या झुडपांमधून, अंगण ओलांडून, सरळ यासुएंच्या मुळ्यांच्या मांडवात. मांडव कोसळला. मुळे एकेक करून त्याच्या डोक्यावर पडले.

“माझे मुळे!” यासुए किंचाळल्या. क्षणभर त्यांनी त्या विध्वंसाकडे पाहिलं. मग टोपी कानांवर ओढली आणि म्हणाल्या, “आता मला ढकल.”

“अहो आई, तुम्ही नको!”

“ढकल गं!”

“आई, खरंच नको!”

“तिसऱ्यांदा सांगतेय, होनामी!”

तिसऱ्यांदा म्हटल्यावर प्रश्नच मिटला. यासुए ताठ बसून, हात मांडीवर ठेवून, आगगाडीत खिडकीची जागा मिळाल्यासारख्या प्रसन्न चेहऱ्याने खाली गेल्या. त्यांच्यामागून कोनात्सु गेली. पडली. उठली. पुन्हा गेली. होनामी श्वास रोखून बघत होती आणि मनातल्या मनात मोडलेली हाडं मोजत होती. एकही मोडलं नाही. मग कोनात्सुने तिचाच हात ओढला.

“आई, तू चल!”

होनामी बसली, आणि निघाली ती तोंड पुढे करून! एवढे दिवस गाद्यांवर शिकवलेलं सगळं पहिल्याच हिसक्याला निसटलं.

“बाजूला! आई, बाजूला पड! बुडावर!” कोनात्सु वरून जिवाच्या आकांताने ओरडत होती. “पुन्हा!”

दुपार होईतो ऊन कडक झालं. चहाच्या ओळी एकेक करून हिरव्या झाल्या. अंगणात शेवटी एक बुटका बर्फाचा बाहुला उरला, नाकाच्या जागी मुळा. तोही हळूहळू एका कुशीवर कलायला लागला होता. चौघं भिजून चिंब, मासळीचा घमघमाट घेऊन दारात येऊन टेकली. होनामी मघाच्याच खोक्यावर बसून बूट ओढायला लागली. तो काही निघेना. तेवढ्यात फोन वाजला.

“मी हिनाता पठारावरून बोलतेय,” लॉजवाल्या बाईंचा आवाज आला. “निरोप मिळाला हं तुमचा. काही वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या शनिवारी खोल्या मोकळ्याच आहेत, जरूर या. आणि संत्री काय गोड आहेत हो! केवढा त्रास घेतलात! चांगली दोन दोन खोकी!”

होनामी एका पायात बूट तसाच ठेवून फोनपुढे वाकत होती. ती वाकलेलीच राहिली.

“दोन?”

“दोन. एवढी आम्ही कधी खाणार? म्हणून सगळ्यांना वाटतेय. तुमचं सामान मात्र अजून आलं नाही हो. मी सकाळपासून वाट बघतेय.”

होनामीने फोन खाली ठेवला. मग सावकाश, फार सावकाश, आपल्या दोन गुडघ्यांच्या मधून खाली पाहिलं. खोक्यावरचं संत्रं तिच्याकडे बघून हसत होतं.

“अगं बाई! तरीच!” यासुएंनी कपाळावर हात मारला. “दाराजवळची दोन मी दिली कुरिअरवाल्याला. हे सकाळी पायाने सरकवलं तेव्हा वाटलंच मला, यंदा संत्री हलकी भरलीत!”

तेप्पेइने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. “म्हणजे या कोटांवर बसून तू बाबांचे बूट...”

“एक शब्द बोलू नकोस!” होनामी म्हणाली.

तोवर कोनात्सुने खोकं उघडून एका पिशवीचं तोंड सोडलंही होतं. फुस्स् करून हवा आत शिरली आणि चपटा गुलाबी पोशाख श्वास घेतल्यासारखा फुगत फुगत वर आला. त्याच्यामागून कोट आले, कानटोप्या आल्या. बघता बघता दारात पाय ठेवायला जागा उरली नाही. कोनात्सुने रबरी कोट काढून गुलाबी पोशाख चढवला, गळ्यापर्यंत चेन ओढली आणि रखरखीत उन्हात, जिथे बर्फाच्या बाहुल्याचा आता नुसता मुळाच उरला होता त्या अंगणाकडे बघत उभी राहिली.

होनामीने घसा खाकरला. तिचा धीर होत नव्हता. “कोनात्सु, पुढच्या शनिवारी... जायचं?”

कोनात्सुने मान तिरकी केली. तेप्पेइ हसायचा थांबला. यासुएंनी टोपी काढून हातात घेतली.

“जाऊ या,” कोनात्सु म्हणाली. “पण बाहुल्यांना या वेळी पत्ता सांगायचा.”

“हो हो, सांगू की!” होनामी घाईघाईने म्हणाली.

“आणि खोक्यावरचा पत्ता मी चिकटवणार. तुम्हाला कोणालाच जमत नाही.”

होनामीने डोळे पुसले आणि सवयीने फोन काढून डोंगरावरचा कॅमेरा लावला. पठारावर छान ऊन होतं, भरपूर बर्फ होता. लाल टोपीवाले फावडं बाजूला ठेवून बाकावर बसले होते आणि निवांतपणे संत्रं सोलत होते. चेहऱ्यावरून तरी, गोड निघालेलं दिसत होतं.